मसुदा कच्चा आहे

आमच्या घरमालकांनी मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा ताट वाढलं ते चतुःसीमेसकट. "पूर्वेस भात, पश्चिमेस सुकटीची चटणी, दक्षिणेस आमटीची वाटी, उत्तरेस मोकळी जागा. मोकळ्या जागेत तळलेला बोंबील येणार आहे. तिथे अतिक्रमण नको." नव्या भाडेकरूला मोकळं वाटावं म्हणून विनोद करत असतील अशा समजुतीने मी हसलो. ते हसले नाहीत. आतून त्यांची थोरली बहीण, आक्का, बोंबील घेऊन आली आणि मला म्हणाली, "हसू नका. तो खरंच तसा हाय."

त्यांची सगळी नोकरी अलिबागच्या दस्त नोंदणीच्या कचेरीत गेली होती. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र, दिवसभर दुसऱ्यांच्या इस्टेटी डोळ्यांखालून घालायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने घरी यायचं. सरकारने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांची जीभ काही निवृत्त झाली नाही. दुसरी भाकरी हवी असली तर ते म्हणत, "मी पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता आणखी एक भाकरी मागत आहे." आक्का म्हणायची, "दडपण न्हाय तर गप घे की. भाषण कशाला?"

मी तेव्हा काशीदच्या अलीकडच्या एका गावात बँकेच्या शाखेत बदलून आलो होतो. यांच्या मागच्या अंगणाकडची खोली मिळाली. खोली एवढीशी, पण भाडेकरार असा की तो पसरला असता तर खोलीत मावला नसता. भाडेकरूने विहिरीत विनाकारण डोकावू नये, कोंबड्यांशी सलगी वाढवू नये, अशी कलमं त्यात होती. शेवटी "तूर्त कच्चा" असं पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मी चार वर्षं राहिलो आणि तो करार शेवटपर्यंत कच्चाच राहिला. भाडं मात्र दर महिन्याला पक्कं घेत.

गावात त्यांना तोंडावर भाऊसाहेब म्हणत आणि पाठीमागे कच्चा मसुदा. दोन्ही नावं त्यांना माहीत होती. दुसऱ्या नावाबद्दल त्यांची तक्रार एवढीच होती की मसुदा हा कच्चाच असतो, त्यामुळे त्यात द्विरुक्ती होते.

आता हे मसुदे कशाचे, ते सांगायला हवं. भाऊसाहेब ठणठणीत होते. रोज पहाटे समुद्रावर जाऊन येत, दात सगळे जागेवर, साखर नाही, रक्तदाब नाही. पण मरणाची तयारी अशी जोरात चालली होती की मरायला सवड नव्हती. आपल्या पश्चात घराचं काय, हा त्यांचा एकच धंदा. त्यासाठी ते दर गुरुवारी अलिबागला जात, कोर्टामागच्या एका वकीलबाईंकडे बसत आणि नवा कागद घेऊन परत येत. वकीलबाई तरुण होत्या, हुशार होत्या, आणि दर गुरुवारी थोड्या थोड्या म्हाताऱ्या होत होत्या.

घरात दोघंच होती. आक्का तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आली आणि गावच्या अंगणवाडीची सेविका झाली. भाऊसाहेबांनी लग्न केलं नाही. ज्याचा मसुदा करायचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही असा तो एकमेव करार. घर उभं राहिलं ते त्यांच्या पगारातून आणि तिच्या मानधनातून. भिंती त्याच्या, लादी तिची, असं आक्का सांगायची. कागदावर मात्र सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर. समोर समुद्र, मागे नारळ, आणि मांडव्याला गाड्या घेऊन येणारी बोट सुरू झाल्यापासून गावात घरांपेक्षा दलाल जास्त. तिसरा माणूस म्हणजे पुतण्या, वारलेल्या भावाचा मुलगा. तो उरणला राहायचा, कंटेनर ओढणारे त्याचे ट्रेलर होते आणि त्याच्या खिशात कायम एखादी 'पार्टी' असायची. या पार्टीला आमच्या नारळांच्या जागी पोहण्याचा तलाव दिसायचा.

एकदा भाऊसाहेबांनी मला विचारलं, "मी काही न करता मेलो तर हे घर कुणाचं?"

मी म्हटलं, "पुतण्याचं."

"बँकेत कोण घेतं तुम्हाला?" ते म्हणाले. "आधी बहीण. पुतण्याचा नंबर तिच्या मागे. काही लिहिलं नाही तर सगळं आक्काचं."

"मग प्रश्न मिटला."

"तिथेच सुरू होतो. आक्काला 'नाही' म्हणता येत नाही."

हे मात्र खरं होतं. शेजाऱ्याला रिक्षा वळवायला जागा हवी होती. तिने कुंपण आत घेतलं. पुतण्याने पहिला ट्रेलर घेतला तेव्हा त्याने मागायच्या आधीच हातातल्या पाटल्या काढून दिल्या. कोणी कागद पुढे केला की ती "कुठं करू सही?" एवढंच विचारायची. "घर तिच्या नावावर झालं की पुतण्या येणार, आत्या म्हणणार आणि दुसऱ्या दिवशी ही कुठल्यातरी फ्लॅटात सातव्या मजल्यावर," भाऊसाहेब म्हणाले. म्हणून ट्रस्ट. घर ट्रस्टच्या नावावर करायचं, विश्वस्तांनी सांभाळायचं, आक्काने शेवटच्या श्वासापर्यंत राहायचं, पण तिला ते कुणाला देता येऊ नये. म्हणजे घर तिला द्यायचं आणि तिच्यापासून वाचवायचं. हे ऐकायला वेड्यासारखं वाटतं. आक्काला जो ओळखतो त्याला ते शहाणपणाचं वाटेल.

एवढं साधं काम. वकीलबाईंनी पहिल्याच महिन्यात ते करून दिलं होतं. पण कायदा बदलला की मसुदा बदलायचा, असा भाऊसाहेबांचा नियम, आणि आपल्या देशात कायदा बदलायचं काम कधी थांबत नाही. हिस्सा ठरवून दिला नाही तर ट्रस्टला सगळ्यात वरच्या दराने कर लागतो, असं त्यांना कुठेतरी कळलं. आक्काचा हिस्सा कागदावर स्पष्ट लिहिला. मग पुढच्या गुरुवारी, तो जास्त स्पष्ट झाला तर काही भानगड होईल का, हे विचारायला गेले. सार्वजनिक ट्रस्टांवर तहहयात विश्वस्त किती असावेत याबद्दल सरकारने नवा नियम केला, तर हे पेपर घेऊन पहिल्या एसटीने निघाले.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे देवस्थानांना, संस्थांना लागू. तुमचा ट्रस्ट खाजगी आहे."

"आज सार्वजनिक," भाऊसाहेब म्हणाले, "उद्या खाजगी. तुम्ही कलम घालून ठेवा."

अर्थसंकल्पाच्या दिवशी तर घरात सुतक असायचं. मेलेल्या माणसाच्या इस्टेटीवर पूर्वी एक कर होता. सरकारने तो फार वर्षांपूर्वी बंद केला. तो परत येणार अशी आवई अधूनमधून उठते, आणि आमच्या गावात ती फक्त एकाच घरात मुक्कामाला होती. भाऊसाहेब टीव्हीसमोर मांडी घालून बसत. भाषण संपलं, कर आला नाही, की आक्का विचारायची, "न्हाय ना आला? जेव आता." भाऊसाहेब म्हणायचे, "यंदा आला नाही, याचा अर्थ पुढच्या वर्षी नक्की."

त्यांच्या उत्साहाचा सगळ्यात मोठा प्रताप म्हणजे पाटी. दस्तावर सही व्हायच्या आधीच त्यांनी फाटकावर "कौटुंबिक न्यास (ट्रस्ट)" अशी रंगवलेली पाटी लावली. इथे एक गोष्ट त्यांच्यासारख्या माणसाच्याही लक्षात आली नाही. आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देऊळ, शाळा नाहीतर दवाखाना. स्वतःच्या घराचा कोणी ट्रस्ट करतं हे गावाच्या स्वप्नातही नव्हतं. दोन दिवसांत विहाराची मंडळी जयंतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन हजर. मग एक बाई नातीच्या शिष्यवृत्तीसाठी. मग क्रिकेटची टीम.

"टी-शर्ट पाहिजेत, भाऊसाहेब. राखीव पोरं धरून पंधरा," कप्तान म्हणाला.

"हा खाजगी न्यास आहे. यात जनता येत नाही."

"मंग ट्रस्ट कशाला बोलता? देवाचा न्हाय, शाळेचा न्हाय, दवाखान्याचा न्हाय. हाय कुनाचा मंग?"

"आक्काचा."

"असं व्हय? मंग आक्कालाच विचारतो."

आक्काने टी-शर्ट दिले. पाठीवर ट्रस्टचं नाव छापून टीम रेवदंड्याला उपांत्य फेरीपर्यंत गेली. ट्रस्ट का हवा, हे भाऊसाहेबांना पटवायची गरज कधी नव्हतीच, पण त्या दिवसानंतर त्यांना पुरावाही मिळाला. पाटी त्यांनी काढली आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर उलटी टाकली. पुढे पावसाळ्यात ती आपोआप सुलटी झाली. ट्रस्टचा पहिला प्रत्यक्ष फायदा असा कोंबड्यांना मिळाला.

मग विश्वस्तांची निवड. "विश्वास म्हणजे काय, ते बरणीवरून कळतं," असं त्यांचं मत होतं. उमेदवाराला घराची चावी द्यायची, दोघा भावंडांनी एक दिवस गावाबाहेर जायचं आणि परत आल्यावर लोणच्याची बरणी तपासायची. शाळेच्या गुरुजींनी अर्धी बरणी संपवली आणि नापास झाले. मी शहाणपणा केला, बरणीकडे बघितलंसुद्धा नाही. मीही नापास. भाऊसाहेब म्हणाले, "झाकणावर धूळ तशीच आहे. ज्याला या घरच्या लोणच्याची ओढ नाही, तो घर काय सांभाळणार?" या परीक्षेत पास व्हायला किती फोडी खायच्या, हे मला आजही माहीत नाही. शेवटी दुसरं कोणी उरलं नाही म्हणून वकीलबाई आणि मी, असे दोन विश्वस्त ठरलो.

एकदाचा मुहूर्त लागला. मी रजा टाकली. भाऊसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आक्का पांढरी साडी नेसली, आणि आम्ही तिघं अलिबागला त्यांच्याच जुन्या कचेरीत गेलो. वकीलबाई दस्त घेऊन बसल्या होत्या. आक्काची सही कायद्याने लागत नव्हती. पण भाऊसाहेबांचा हट्ट की आधी सगळा दस्त तिला वाचून दाखवायचा, तिने हो म्हटल्याशिवाय आपण सही करणार नाही. वकीलबाई वाचू लागल्या. आक्का डोळे मिटून ऐकत होती. "...सदर मिळकतीचा उपभोग न्यासाच्या लाभार्थी..." इथे तिने डोळे उघडले.

"लाभार्थी कोण?"

"तुम्ही, आक्का," वकीलबाई म्हणाल्या.

"मी न्हाय."

"म्हणजे, ज्यांच्या फायद्यासाठी ट्रस्ट केला..."

"मला नका शिकवू, बाय. जल्मभर मी लाभार्थ्यांच्या याद्या केल्यात. लाभार्थी म्हंजी सहा वर्साखालचं पोर, न्हायतर गरवार बाई, न्हायतर अंगावर पाजणारी. ह्यातली मी कोन?"

वकीलबाईंनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी छताकडे पाहिलं. आयुष्यभर शब्दन्‌शब्द तपासणाऱ्या माणसाला आपल्याच घरात हा शब्द कुठल्या रजिस्टरातून आला आहे, हे सुचलं नव्हतं. अंगणवाडीत लाभार्थी म्हणजे ज्याच्या हातातल्या वाटीत खिचडी पडते तो. आक्का कायम वाढणाऱ्या पळीच्या बाजूला उभी. आता म्हातारपणी सख्ख्या भावाने तिला वाटीच्या बाजूला उभं केलं होतं.

"आक्का, तो नुसता कायद्याचा शब्द आहे," मी म्हटलं.

"तुम्ही व्हा मंग लाभार्थी," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.

सही झाली नाही. एसटी स्टँडवर वडापाव खाताना भाऊसाहेब चिडलेले असतील असं मला वाटलं. ते उलट खुशीत होते. "उभ्या नोकरीत मी बायकांचे अंगठे घेतले," ते म्हणाले. "भाऊ घेऊन यायचे बहिणींना, हक्क सोडायला. इथं लाव, तिथं लाव. कागदात काय आहे हे कुणी वाचून दाखवत नसे आणि कुणी विचारत नसे. वाचताना मध्येच थांबवणारी बाई मी आज पहिल्यांदा पाहिली. आणि ती आमच्या घरात निघाली." त्यांना असं सरळ बोलताना मी एकदाच ऐकलं, आणि मला त्यांच्याबद्दल तेव्हा जे वाटलं त्याला आदर म्हणतात. लगेच त्यांनी वडापावच्या चतुःसीमा सांगितल्या, त्यामुळे तो फार वेळ टिकला नाही.

मग शब्दाचा शोध सुरू झाला. रोज संध्याकाळी पडवीत सुनावणी. 'हितग्राही' आणला. आक्का म्हणाली, "ग्राहक मी कुनाची न्हाय." 'भोगवटादार' आणला. "भोग भोगून झालेत माझे." 'उपभोक्ती' हा शब्द ऐकून ती एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग एकदा त्यांनी चुकून 'आश्रित' म्हटलं. त्यानंतर आक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढून आत जायची. भाऊसाहेब एकटेच पूर्वेस भात, पश्चिमेस चटणी म्हणत बसायचे, आणि ऐकायला फक्त मी.

तिसऱ्या दिवशी ते तिच्यासमोर जाऊन बसले. ती सुकट निवडत होती.

"बरं," ते म्हणाले, "तूच सांग. सदर घराच्या संदर्भात तू कोण?"

"संदर्भ तुझा तू बघ, बाबू," आक्का मान वर न करता म्हणाली. "मी घरातली."

भाऊसाहेब गुरुवारची वाट न बघता अलिबागला गेले. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याची काही हरकत नाही. सुरुवातीला व्याख्या द्यायची, 'यापुढे जिचा उल्लेख घरातली असा केला आहे', आणि मग सगळीकडे तोच शब्द. मसुदा बदलला. 'घरातलीच्या हयातीत', 'घरातलीच्या संमतीशिवाय', 'घरातलीस त्रास होईल असे कोणतेही कृत्य विश्वस्त करणार नाहीत'. पडवीत वाचन झालं. आक्का डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "आता बरा झाला."

म्हणजे आता सही. तुम्ही असं समजत असाल तर तुम्हाला भाऊसाहेब कळलेच नाहीत. त्याच सुमारास पेपरात आलं की मृत्युपत्र कोर्टातून शाबीत करून घेण्याची, म्हणजे प्रोबेटची, सक्ती सरकारने काढून टाकली. मुळात मृत्युपत्र न करता ट्रस्ट करायचा, यामागे भाऊसाहेबांचं अर्धं कारण प्रोबेटची भीती हे होतं. ज्या शत्रूसाठी तटबंदी बांधली, तो शत्रूच वारला. ते दिवसभर पडवीत बसून होते. जेवताना भाकरीही त्यांनी साध्या मराठीत मागितली, तेव्हा आक्का घाबरली आणि मला बोलवायला आली.

वकीलबाईंनी फोनवर समजावलं, "काका, तुमची सगळी मिळकत रायगड जिल्ह्यात. ती सक्ती मुंबईसारख्या ठिकाणी होती. प्रोबेट तुम्हाला कधी लागतच नव्हतं."

"लागत नव्हतं," भाऊसाहेब म्हणाले, "पण ते होतं, हा आधार होता."

मग आता ट्रस्टच ठेवावा, की मृत्युपत्र करून त्यातून ट्रस्ट काढावा, याचा विचार सुरू झाला. माझी पेणला बदली झाली होती. सामान बांधून झाल्यावर मी त्यांना जरा तोडूनच म्हटलं, "भाऊसाहेब, आहे त्या कागदावर सही करा. कायदा बदलतच राहणार. माणूस राहत नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण कच्चा आहे अजून." मला त्यांचा इतका राग आला की मी चहा न घेता निघालो.

पुढच्याच उन्हाळ्यात आक्काचा फोन आला. "बाबू गेला," ती म्हणाली. "जेवला होता." दुपारी जेवून खुर्चीत बसले, तेवढंच. मसुद्यावर सही नव्हती. मी बँकेच्या जिन्यात उभा राहून रडलो, आणि रडताना मनातल्या मनात त्यांना शिव्याही घातल्या. सगळ्या जगाच्या मिळकतीची नोंद करणारा माणूस आपल्या एका बहिणीची सोय कच्ची ठेवून गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्याला सगळा गाव आला, ट्रस्टचे टी-शर्ट घातलेली टीमसुद्धा. पंगती उठल्यावर पडवीत आम्ही चौघं राहिलो, आक्का, पुतण्या, वकीलबाई आणि मी. पुतण्या वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याने खांदा दिला होता, वाढपी म्हणून दिवसभर राबला होता, त्याचे डोळे सुजले होते. फक्त त्याच्या हातात प्लास्टिकची फाइल होती.

वकीलबाई म्हणाल्या, "आक्का, काकांचा काही दस्त झालेला नाही. त्यामुळे कायद्याने हे घर सगळं तुमचं. ते कुणाला द्यायचं, नाही द्यायचं, तुमच्या मनावर."

पुतण्या आक्काच्या पायाशी बसला. "आत्या, टेन्शन नको घेऊ. हितं एकटी काय करनार तू? उलव्याला सातव्या माळ्यावर फ्लॅट हाय, तुझी रूम सेपरेट. लिफ्ट हाय, सगळं हाय. बक्षीसपत्र बनवलंय माझ्या नावानं. पार्टी एकदम क्लियर हाय. फक्त हितं सही कर."

भाऊसाहेबांना वर्षानुवर्षं दिसत आलेली गोष्ट आता माझ्यासमोर घडत होती, आणि त्यांनी ठरवलेला विश्वस्त म्हणून मला कुठलाही अधिकार नव्हता. आक्काने पेन घेतलं. मग खिडकीतला भाऊसाहेबांचा चष्मा घेतला आणि डोळ्यांना लावला. तो तिला लागू होत नव्हता.

"वाच," ती म्हणाली.

"आत्या, काय वाचायचंय त्याच्यात?"

"बाबू वाचून दाखवायचा. वाच."

पुतण्या वाचू लागला. आक्का डोळे मिटून ऐकत होती. "...लिहून देणार यांनी लिहून घेणार यांसी..." तिने डोळे उघडले.

"लिहून देनार कोन?"

"तू, आत्या."

"मी न्हाय. मी घरातली. बाबूनं कागदावर तसं ठरवलंय, ह्या वकीलबायला विचार. जिथं जिथं माझं नाव येतंय तिथं 'घरातली' घाल, मंग करते सही."

पुतण्याने वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने चष्मा पुसायला घेतला. पुतण्याने मनात वाक्य जुळवून पाहिलं असावं, कारण त्याचे ओठ हलले. घरातलीने आपले घर कायमचे लिहून दिले असून त्यावर घरातलीचा कोणताही हक्क उरलेला नाही. हे वाक्य त्याला मोठ्याने म्हणता येईना. "बघतो, आत्या. दुरुस्त करून आनतो," तो म्हणाला.

"आन. घाई न्हाय," आक्का म्हणाली आणि चष्मा काढून खिडकीत ठेवला. "कच्चा हाय अजून."

त्यानंतर पुतण्याने उरणला एक, पनवेलला एक आणि अलिबागला एक, अशा तीन ठिकाणी मसुदे करवून घेतले. प्रत्येकात कुठे ना कुठे 'लिहून देणार' राहिलंच, आणि प्रत्येक वेळी आक्काने पूर्ण वाचून घेऊन, चहा देऊन, त्याला परत पाठवलं. पार्टी कंटाळून नागावला गेली. पुतण्या मात्र महिन्यातून एकदा येतो. कागद घेऊन येतो आणि जाताना लोणचं घेऊन जातो. परवा मला फोनवर म्हणाला, "काय सांगू तुम्हाला, आत्यापन सेम काकासारखी झाली."

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. आक्का अंगणात सुकट उलटवत होती. खुराड्यावरची पाटी अजून तशीच आहे. तिने मला जेवायला वाढलं, चतुःसीमा न सांगता, आणि मी ताटाची उत्तर बाजू मोकळी ठेवूनच जेवलो. त्या माणसाची मला फार आठवण येते. हे त्यांच्या हयातीत मी कधी कबूल केलं नसतं.

जेवण झाल्यावर मी तिला विचारलं, "आक्का, घर देऊन टाकायच्या कागदात 'घरातली' बसूच शकत नाही. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

तिने माझं ताट उचललं.

"मला काय कळतंय कायद्यातलं?" ती म्हणाली. "मी आपली घरातली."